आमच्या गाडीचे घोडे कुठे गेले?



आमच्या घरी एक जुनी जीप-पिकअप आहे. ती तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण तिच्यात बसलेही आहेत. ती माझ्यापेक्षा १३ वर्षांनी मोठी आहे. तिला चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येते, म्हणून तिला फोर-व्हील म्हणतात. मुले तिला 'म्हातारी' म्हणतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता येत नाही. का येत नाही, तेच मी या लेखात सांगणार आहे.

आपले गाव खाली खोऱ्यात आहे. वर खिंडीतल्या फाट्यावर डांबरी रस्ता लागतो. गावापासून फाट्यापर्यंत ४ किलोमीटर कच्चा घाट आहे. बाजार, दवाखाना, मोठी शाळा सगळे घाटाच्या वर. म्हणजे आपल्याला कुठेही जायचे तर आधी चढायचे.

२०२४ च्या आषाढात, एका रात्री माझ्या काकूच्या पोटात दुखू लागले. बाळ होणार होते. पाऊस धो धो पडत होता. १०८ ची ॲम्ब्युलन्स फाट्यावर येऊन थांबली. चिखलामुळे ती खाली उतरू शकत नव्हती. बाबांनी आमची गाडी काढली. काकू, आजी, सुईणबाई, काका आणि शेजारचे दोघे बसले. मीही मागे चढलो, पण आईने मला खाली ओढले.

गाडी दुसऱ्या वळणापर्यंत गेली. तिसऱ्या वळणाच्या चढावर धुर्र धुर्र करून बंद पडली. बाबांनी पुन्हा चालू केली तर मागे सरकू लागली. काकाने उडी मारून चाकाला दगड लावला म्हणून बरे. नाहीतर खाली दरीच होती. शेवटी बांबूला चादर बांधून डोली केली आणि काकूला माणसांनी खांद्यावरून वर नेले. पावसात, अंधारात, चिखलात. पहाटे सरकारी दवाखान्यात बाळ झाले. मुलगी झाली. काकू आणि बाळ दोघी सुखरूप आहेत.

पण बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. ते म्हणाले, "ही गाडी भंगारात घालतो. गाय विकतो आणि हप्त्यावर नवी गाडी घेतो." गाय म्हणजे आमची कपिला. मला रडू आले. मग आजी म्हणाली, "अरे, माणूस आजारी पडलं तर आपण वैद्याला दाखवतो, का लगेच टाकून देतो?" बाबा काही बोलले नाहीत. पण दिवाळीच्या सुट्टीत ते गाडी बाजारगावच्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेले. मी पण गेलो. तीन दिवस मी गॅरेजात होतो. तिथे जे शिकलो ते लिहीत आहे.

घोड्यांचे गणित

मिस्त्रीकाका म्हणाले, "या इंजिनात ६० घोडे आहेत." मी इंजिनात वाकून पाहिले. सगळे हसले. घोडा म्हणजे अश्वशक्ती. इंजिनाची ताकद त्यात मोजतात. ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते, तिला एक अश्वशक्ती म्हणतात.

शाळेत आल्यावर गुरुजींनी फळ्यावर गणित करून दाखवले. आमची गाडी भरल्यावर समजा २,४०० किलो. घाट चढून ती ३०० मीटर उंच जाते. त्याला १५ मिनिटे, म्हणजे ९०० सेकंद लागले, तर किती घोडे लागतील?

२,४०० गुणिले ३०० म्हणजे ७,२०,०००. त्याला ९०० ने भागले की ८००. आणि ८०० ला ७५ ने भागले की १० येतात, बाकी ५०. म्हणजे साधारण ११ घोडे!

चिखल, खडे, गियरची घासाघीस यांत आणखी काही घोडे जातात. अवघड वळणावर चढ जास्त, तिथे ओढ जास्त लागते. पण तरी साठातले अकरा म्हणजे काहीच नाही. मग आमची गाडी का थांबली? बाकीचे घोडे कुठे गेले? सगळा वर्ग विचार करू लागला. मला मात्र उत्तर माहीत होते, कारण मी गॅरेजात पाहिले होते. घोडे पळून गेले नव्हते. काही उपाशी होते, काहींचे पाय बांधलेले होते, आणि काहींना कामालाच लावले नव्हते.

उपाशी घोडे

डिझेल इंजिनाला दोन गोष्टी खायला लागतात. हवा आणि डिझेल. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियरने १८९७ मध्ये असे इंजिन नीट चालवून दाखवले. यात ठिणगी टाकावी लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते. साधारण वीस घागरी हवा एका घागरीत कोंबावी, तशी. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेलचा फवारा मारताच ते पेटते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसेच.

मिस्त्रीकाकांनी आधी एअर क्लीनर उघडला. जुन्या गाड्यांत त्याच्या तळाला तेल असते. हवेतली धूळ त्या तेलात अडकते. आमच्या गाडीत तेल नव्हतेच, काळा चिखल होता. बाबा म्हणाले, "मी तर इंजिन ऑइल वेळेवर बदलतो!" काका म्हणाले, "इंजिनाला जेवण देता, पण नाक शिंकरत नाही." डबा धुऊन खुणेपर्यंत नवे तेल घातले. खर्च अगदी थोडा.

नंतर डिझेल फिल्टर काढला. तोही चोंदलेला. त्यात पाणीही निघाले. फिल्टर बदलला आणि पाइपातली हवा काढून टाकली.

आता माझी गंमत ऐका. काकांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवले. इंजिन बंद होते. ते म्हणाले, "ॲक्सिलेटर पूर्ण दाब." मी दाबला. ते बोनेटखालून ओरडले, "दाब की!" मी म्हणालो, "दाबलाय काका, तळाला टेकलाय!" ते म्हणाले, "अरे, इथं पंपाचा दांडा पाऊणच उघडतोय!" केबल ढिली झाली होती. पायाखालची जाड चटईसुद्धा आड येत होती. म्हणजे बाबा पूर्ण पाय दाबायचे आणि इंजिनाला वाटायचे की पाऊणच दाबला आहे. केबल ओढून नीट बसवली, चटई कापली. खर्च शून्य. ही चूक मी पाय ठेवला म्हणून सापडली, असे काका सर्वांना सांगतात.

पंप आणि नोझल मात्र काकांनी स्वतः उघडले नाहीत. ते पंपाच्या दुकानात पाठवले. तिथे मशिनवर लावून बघतात की प्रत्येक नोझल सारखा फवारा मारते का. आमच्या चार नोझलपैकी दोन फवारा मारत नव्हती, थेंब गाळत होती. थेंब नीट जळत नाही, त्याचा काळा धूर होतो. म्हणजे आपल्या गाडीमागे जो काळा ढग दिसायचा, ते बाबांचे पैसे होते.

पाय बांधलेले घोडे

मग गाडी जॅकवर उचलली, खाली ठोकळे लावले आणि एक एक चाक हाताने फिरवले. तीन चाके फिरली. मागचे उजवे चाक फिरेना. ब्रेक लावला नव्हता तरी त्याचा ब्रेक धरून बसला होता. आपण पळताना कोणी मागून सदरा धरला तर कसे होईल, तसे. चाकाजवळ हात नेला तर ते तापलेलेही होते. ब्रेक उघडून साफ केला आणि नीट बसवला.

मग टायर. बाबांच्या आधी ज्यांची गाडी होती त्यांनी मोठे टायर घातले होते, रुबाब दिसावा म्हणून. मी टायरला चुन्याची खूण केली, खाली जमिनीवर दुसरी खूण केली, आणि गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा केला. टेपने मोजले. २ मीटर ५० सेंटिमीटर. मूळ मापाचा टायर घेऊन तसेच मोजले. २ मीटर २८ सेंटिमीटर.

यात काय एवढे? तर असे पाहा. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त पुढे जाते, म्हणून त्याला फिरवायला जोर जास्त लागतो. मूळ टायर घातले की ओढ शंभराला दहाने वाढते. वेग तेवढा कमी होतो. पण घाटात वेग कुणाला हवा आहे?

काकांनी मला क्राऊन आणि पिनियन पण दाखवले. ती चाकांच्या मधल्या गोळ्यात असतात. एका सुट्या जोडीत पिनियनला ८ दाते होते आणि क्राऊनला ३९. मी भागाकार केला. ४, बाकी ७. म्हणजे पिनियन जवळजवळ पाच फेरे फिरते तेव्हा चाक एक फेरा फिरते. दुसरी जोडी ४३ आणि ८ ची होती. ५, बाकी ३. हिला ओढ जास्त. पण फोर-व्हील गाडीत पुढची आणि मागची जोडी एकसारखीच लागते. एकच बदलली तर चाकांचे आपसात भांडण होते आणि गियर तुटतात. दोन्ही बदलायचा खर्च फार. काका म्हणाले, "क्राऊन बदलून शंभराला दहा मिळतात, टायर बदलूनही शंभराला दहा मिळतात. टायर झिजलेच आहेत. मग क्राऊनला कशाला हात लावायचा?" चारही टायर एकाच मापाचे घेतले. लहान टायरला भारही कमी पेलतो, म्हणून माल कमी भरायचा असेही त्यांनी बजावले.

मालावरून आठवले. त्या रात्री गाडीत माणसांशिवाय काय होते माहीत आहे? संध्याकाळी आणलेल्या युरियाच्या १२ गोण्या! पावसात भिजू नयेत म्हणून ताडपत्रीखाली तशाच ठेवल्या होत्या. एक गोणी ४५ किलोची. १२ गुणिले ४५ म्हणजे ५४० किलो. घाईत त्या उतरवायचे कोणालाच सुचले नाही. शिवाय गाडीत जुने पाटे, साखळी, पहार, फुटका जॅक असे सामान कायम पडलेले असायचे. ते आम्ही भाताच्या काट्यावर तोलले. ११८ किलो भरले! म्हणजे आम्ही रोज दोन माणसे फुकट घाट चढवत होतो.

कामाला न लावलेले घोडे

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या गाडीत गियरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा आहे. त्याने चारही चाकांना ओढ देता येते आणि 'लो' टाकता येतो. बाबांनी तो कित्येक वर्षे वापरला नव्हता. तो गंजून जाम झाला होता. त्या रात्री ओढला तरी हलला नाही.

बऱ्याच लोकांना वाटते की फोर-व्हील टाकले की गाडीची ताकद दुप्पट होते. तसे नाही. इंजिन तेच राहते. चार चाकांनी ताकद वाढत नाही, पकड वाढते. चिखलात आपण दोन पायांवर घसरतो, पण हात टेकले की घसरत नाही. तसे ते आहे.

ओढ वाढते ती 'लो'ने. लो टाकल्यावर आमच्या गाडीची ओढ सुमारे अडीच पट होते आणि वेग अडीच पटीने कमी होतो. घोडे वाढत नाहीत, पण ते घाई न करता जोर लावतात. आपल्या बायका डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढतात, तेव्हा सरळ उभ्या चढत नाहीत. नागमोडी वाटेने जातात. वाट लांब होते, पण दम लागत नाही. घाटाला वळणे असतात ती याचसाठी. वर्गात आम्ही एक प्रयोग केला. एक मीटर लांबीच्या फळीचे एक टोक १० सेंटिमीटर उचलले आणि एक किलोची गाडी ताणकाट्याने ओढली. काटा १२० ग्रॅम दाखवू लागला. टोक २० सेंटिमीटर उचलले तर २२० ग्रॅम. चढ दुप्पट, की ओढ जवळजवळ दुप्पट.

बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिथे चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर गेले की १ मीटर वर. आपला घाट त्यापेक्षा किती तरी उभा आहे! तरी त्या चढाला कर्जतहून आगगाडीला मागून जादा इंजिने लावतात. मामाच्या गावी जाताना मी ती पाहिली आहेत. आपल्याला जादा इंजिन कुठून मिळणार? आपल्याला लो आहे.

काकांनी दांड्याचे सांधे साफ करून ग्रीस भरले. पुढच्या चाकांच्या मध्यभागी लॉक असतात, ते फिरवल्याशिवाय पुढची चाके ओढत नाहीत. त्यातला एक अडकलेला होता. म्हणजे त्या रात्री दांडा पडला असता तरी पुढची चाके नुसतीच फिरली असती! तोही दुरुस्त केला. आता बाबा महिन्यातून एकदा चिखलाच्या जागी फोर-व्हील आणि लो टाकून बघतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-व्हील टाकायचे नाही. वळणावर पुढची चाके आणि मागची चाके सारखे अंतर जात नाहीत. मातीत ती थोडी घसरून जुळवून घेतात. डांबरावर घसरता येत नाही, मग सगळा ताण गियरवर येतो.

काय करू नये

पंपाला एक स्क्रू असतो. तो पिळला की डिझेल जास्त जाते. एका ओळखीच्या माणसाने बाबांना सांगितले होते, "स्क्रू पिळा, गाडी उडेल." काका म्हणाले, "हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे चुलीत ओली लाकडं कोंबणं. धूर होईल, इंजिन तापेल, पिस्टन जळेल." तो स्क्रू सीलबंद असतो तो उगाच नाही.

टर्बो बसवा असेही कोणी म्हणाले. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. युक्ती चांगली आहे, पण जे इंजिन त्यासाठी बनवलेले नाही त्याला तो दाब सोसेलच असे नाही. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. आणि कपिला विकावी लागली असती ते वेगळेच.

परीक्षा

दिवाळीनंतरच्या रविवारी गाडीची परीक्षा घेतली. मी पुढे घड्याळ घेऊन बसलो होतो. पूर्वी तेवढाच माल घेऊन घाट चढायला २१ मिनिटे लागत आणि दोनदा थांबावे लागे. त्या दिवशी १३ मिनिटे लागली. एकदाही थांबलो नाही. तिसरे वळण आले तेव्हा बाबांनी चढाच्या आधीच लो टाकला होता. अर्ध्या चढावर गियर बदलायला जाऊ नये, गाडीचा सगळा जोर तिथेच जातो. गाडी हळू हळू, बैलासारखी मान खाली घालून चढली. धूर अगदी थोडा होता. फाट्यावर पोचल्यावर बाबांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी विचारले, "काय झालं बाबा?" ते म्हणाले, "काही नाही. त्या रात्री ही चढली असती."

टायर सोडून सगळा खर्च ९ हजार रुपये झाला. कपिला गोठ्यातच आहे. २०२५ च्या श्रावणात, शेजारच्या आजोबांना रात्री दम लागला. त्यांना गाडीत घातले. आधी मागचा माल उतरवला, मगच गाडी हलवली. पंधरा मिनिटांत फाट्यावर. डोली लागली नाही.

पालकांना विनंती

माझ्या गावात अशा आणखी जुन्या गाड्या आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

१. आजारी माणूस न्यायचा असेल तर आधी माल उतरवा.
२. एअर क्लीनर आणि डिझेल फिल्टर पावसाळ्याआधी बघा.
३. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने पंपाचा दांडा बघावा. इंजिन बंद ठेवून.
४. चाके उचलून हाताने फिरवून पाहा. पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका.
५. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे जात नाही आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे असे समजा.
६. ज्या गियरने घाट चढलात त्याच गियरने उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. ब्रेक तापून निकामी होतात.
७. मालावर माणसे बसवू नका. यात आम्हा मुलांचाही दोष आहे. आम्ही पळत जाऊन मागे लटकतो. मी आता लटकत नाही.

मित्रांनो, काकूची बाळी आता चालायला लागली आहे. ती गाडीच्या चाकावर हात आपटते आणि हसते. तुम्ही गाडीला म्हातारी म्हणा, माझी हरकत नाही. माझी आजीही म्हातारी आहे आणि ती अजून डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरते.

लेखात काही चुकले असेल तर गुरुजींनी आणि मिस्त्रीकाकांनी सांगावे. मी दुरुस्त करीन.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी